आकाशातला भाडेकरार

मावळ तालुका म्हणजे डोंगरांच्या रांगा आणि त्यांच्या पोटातली खोरी. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ ही नावंसुद्धा खोऱ्यांचीच आहेत. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागलं. मात्र मनोऱ्यातून निघणाऱ्या त्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वाटेत डोंगर आला की पलीकडच्या वाडीत पडद्यावर नुसत्या मुंग्या. उपग्रहाने ही अडचण मुळापासून काढली. विषुववृत्ताच्या माथ्यावर 83 अंश पूर्व रेखांशाला ठेवलेला उपग्रह लोणावळ्यातून क्षितिजापासून सुमारे 65 अंश वर येतो. कड्याला अगदी चिकटून असलेलं घर सोडलं, तर लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना या किल्ल्यांपैकी कोणताही एवढ्या उंचीवर आड येत नाही. म्हणून कार्ल्याच्या बंगल्यावर दिसते तीच छत्री खोऱ्याच्या टोकाच्या कौलारू घरावरही दिसते, आणि दोन्हींची तोंडं एकाच दिशेला, दक्षिणेकडून थोडी पूर्वेला वळलेली असतात.

छत्रीवर ज्या कंपनीचं नाव आहे, उपग्रहही तिचाच असणार असं बहुतेकांना वाटतं. भारतात हा समज जवळजवळ नेहमीच चुकीचा ठरतो. आपल्याकडच्या डीटीएच कंपन्या, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात वाहिन्या पोचवणाऱ्या कंपन्या, उपग्रहावरचे ट्रान्सपाँडर (जमिनीवरून आलेला संकेत परत खाली पाठवणारे संच) भाड्याने घेतात. उलट छपरावरची छत्री आणि टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स ही घरमालकाला आपली वाटणारी वस्तू अनेकदा कंपनीच्या मालमत्तेत नोंदलेली असते आणि तिच्या झिजेपोटी कंपनी दरवर्षी घसारा काढते. आकाशातली वस्तू भाड्याची आणि आपल्या छपरावरची कंपनीच्या मालकीची, अशी ही मांडणी आहे. ती कशी तयार झाली, वहीखात्यात कशी उतरते आणि रिचार्जच्या रकमेपर्यंत कशी पोचते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

मी मावळात हिशेबशास्त्र शिकवतो. घसाऱ्याचं प्रकरण आलं की पाठ्यपुस्तकातलं उदाहरण ठरलेलं असतं: एक यंत्र, त्याची किंमत, दहा वर्षांचं आयुष्य, शेवटी भंगार मूल्य. मुलं गणित बरोबर सोडवतात. पण दहा वर्षं कोणी ठरवली, ती चुकली तर काय होतं, यंत्र दुसऱ्याचं असेल तर ते कोणाच्या वहीत दिसायचं, हे प्रश्न वर्गात क्वचित उभे राहतात. उपग्रह हे सगळे प्रश्न एकदम उभे करतो. या विषयावर सलग मांडणी करणारं मराठी पुस्तक मला वर्गासाठी हवं होतं. ते हाती आलं नाही, म्हणून हे लिहिलं.

उपग्रह कसली मालमत्ता आहे हे समजून घ्यायला लोणावळ्यातच एक चांगली तुलना उपलब्ध आहे. 1911 मध्ये इथे टाटांच्या जलविद्युत योजनेची कोनशिला बसली आणि 1915 मध्ये खोपोलीच्या केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज जाऊ लागली. वळवण, शिरवता आणि लोणावळा ही तिची जलाशयं. पाठोपाठ आंध्र व्हॅली कंपनीने आंदर मावळात ठोकरवाडीचं धरण बांधलं आणि 1922 मध्ये भिवपुरीचं केंद्र सुरू झालं. ही धरणं शंभरी ओलांडून उभी आहेत. टर्बाइनं बदलली, दरवाजे दुरुस्त झाले, जलवाहिन्यांची निगा राखली गेली. याच टाटा समूहाने 2006 मध्ये टाटा स्काय ही उपग्रह दूरचित्रवाणी सेवा सुरू केली, तेव्हा उपग्रह मात्र स्वतःचा घेतला नाही. इस्रोचा इन्सॅट-4ए भाड्याने घेतला. पाणी अडवणारी भिंत मालकीची आणि चित्र पाठवणारा उपग्रह भाड्याचा, हा फरक केवळ सरकारी नियमांतून आलेला नाही. दोन्ही वस्तूंचा स्वभावच वेगळा आहे.

धरणाची दुरुस्ती करता येते. 35,786 किलोमीटरवरच्या उपग्रहाजवळ गवंडी किंवा फिटर जात नाही. तिथे जे बिघडतं ते बिघडलेलंच राहतं, किंवा जमिनीवरून आज्ञा पाठवून जेवढं सावरता येईल तेवढंच सावरतं. शिवाय उपग्रह नेमून दिलेल्या जागी आपोआप टिकत नाही. चंद्र आणि सूर्य त्याला ओढतात, पृथ्वीचा आकार पूर्ण गोल नसल्याने तो सरकतो, आणि त्याला पुन्हा जागेवर आणायला टाकीतलं इंधन खर्च होतं. पुष्कळदा सगळी यंत्रणा ठणठणीत असताना केवळ इंधन संपत आलं म्हणून उपग्रह निवृत्त करावा लागतो. शेवटच्या थोड्या इंधनावर त्याला काही शे किलोमीटर वर, निवृत्त उपग्रहांच्या कक्षेत ढकलतात. तिथे भंगारवाला नाही. पाठ्यपुस्तकातलं भंगार मूल्य इथे शून्य असतं.

कंपनी कायदा 2013 च्या दुसऱ्या अनुसूचीत मालमत्तांची उपयुक्त आयुष्यं दिली आहेत. जलविद्युत निर्मितीच्या यंत्रसामग्रीला 40 वर्षं, दूरसंचार मनोऱ्यांना 18 आणि उपग्रहांनाही 18 वर्षं. तांत्रिक आधार देऊन कंपनीला वेगळं आयुष्य धरता येतं, आणि उपग्रहांच्या बाबतीत जगभर 12 ते 15 वर्षं धरण्याची पद्धत आहे. 15 आणि 18 यांतल्या तीन वर्षांच्या फरकाचा अर्थ हिशेबातून पाहू. समजा उपग्रह, त्याचं उड्डाण, उड्डाणाचा विमा आणि सेवेत येईपर्यंतचं व्याज मिळून 1,500 कोटी रुपये लागले. हे सगळं मालमत्तेच्या किमतीत धरलं जातं, आणि कक्षेत चाचण्या होऊन उपग्रह वापरायला तयार झाला की घसारा सुरू होतो. सरळ रेषा पद्धतीने 15 वर्षं धरली तर वर्षाला 100 कोटी. 18 धरली तर 83 कोटी 33 लाख. आकाशात काहीही बदललं नाही, तरी नफा दरवर्षी सुमारे पावणेसतरा कोटींनी वाढलेला दिसतो. आता नऊ वर्षं झाली आणि 15च्या हिशेबाने वहीत 600 कोटी शिल्लक आहेत असं धरा. अभियंते म्हणाले की इंधन आणखी सहा नव्हे, तीनच वर्षं पुरेल. मग पुढचा घसारा वर्षाला 200 कोटी होतो. आणि उपग्रह एका रात्रीत बंद पडला, तर विम्याचे पैसे वजा जाता उरलेली सगळी रक्कम त्याच वर्षी तोट्यात घालावी लागते.

असं खरोखर घडतं. भारताचा इन्सॅट-1ए एप्रिल 1982 मध्ये सोडला गेला. सात वर्षांसाठी बनवलेला हा उपग्रह इंधन संपून सप्टेंबरमध्येच सोडून द्यावा लागला. पुढच्या वर्षीच्या इन्सॅट-1बीने मात्र आपली नेमलेली वर्षं चोख भरली. आराखडा तोच, बनवणारेही तेच. जुलै 2010 मध्ये इन्सॅट-4बीच्या सौर पंखात बिघाड झाला, वीज कमी पडली आणि निम्मे ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. या उपग्रहावर चालणाऱ्या सन डायरेक्ट या डीटीएच कंपनीच्या ग्राहकांची वाहिन्यांची यादी एकाएकी तुटली आणि कंपनीला मलेशियाच्या मीसॅट-3वर आसरा घ्यावा लागला. बिघडलेली वस्तू सन डायरेक्टच्या मालमत्तेत नव्हती. फटका मात्र तिच्या ग्राहकांना बसला. भाडेकरूला घसारा नसतो म्हणून जोखीमही नसते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावं.

भारताचा उपग्रह दूरचित्रवाणीचा पहिला मोठा प्रयोग उसन्या उपग्रहावर झाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात नासाने आपला एटीएस-6 हिंदी महासागराच्या बाजूला सरकवून भारताला वापरायला दिला आणि सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोचले. मुदत संपली आणि उपग्रह परत गेला. गावातला टीव्ही संच जागेवरच होता, त्याच्यासाठी आकाशात मात्र काही उरलं नव्हतं. स्वतःच्या उपग्रहांचा आग्रह आपल्या शास्त्रज्ञांनी का धरला, हे मला या प्रसंगातून सर्वांत स्पष्ट दिसतं. त्याआधीच, 1970च्या दशकाच्या सुरुवातीला, आपल्याच पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला विक्रम भूकेंद्र उभं राहिलं होतं आणि इंटेलसॅटच्या उपग्रहामार्फत परदेशाशी बोलणं सुरू झालं होतं. इंटेलसॅट ही 1964 मध्ये अनेक देशांनी मिळून उभारलेली संस्था. म्हणजे तिथेही जमिनीवरचं केंद्र आपलं आणि आकाशातली वस्तू सामायिक.

1980च्या दशकात इन्सॅट मालिकेबरोबर सरकार मालक झालं. दूरदर्शन, हवामान खातं आणि दूरसंचार खातं असे सगळे एकाच सरकारी उपग्रहाचे वापरकर्ते. या काळात घसारा हा प्रश्न जवळजवळ कोणी विचारलाच नाही, कारण खर्च अर्थसंकल्पातून होत होता. सरकारी हिशेबपद्धतीत पैसे गेले त्या वर्षी खर्च नोंदला जातो. पुढची वर्षं वस्तू वापरली जाते, पण तिचं झिजणं कुठल्या वहीत दिसत नाही. याचा परिणाम पुढे भाडं ठरवताना झाला असं माझं मत आहे. उपग्रहाची वार्षिक किंमत वहीत मांडण्याची सवयच नसेल, तर योग्य भाडं किती, हे मालकालाही नीट सांगता येत नाही.

1990 नंतर खाजगी वाहिन्या आल्या, आणि त्यांना आणणाऱ्या उपग्रहाची कथा हिशेबाच्या कोणत्याही विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. फेब्रुवारी 1984 मध्ये अमेरिकेच्या वेस्टर्न युनियन कंपनीचा वेस्टार-6 हा उपग्रह चॅलेंजर अवकाशयानातून सोडला गेला. त्याचं इंजिन नीट पेटलं नाही आणि तो निरुपयोगी कक्षेत अडकला. विमा कंपन्यांनी भरपाई दिली आणि त्या बुडीत उपग्रहाच्या मालक झाल्या. नोव्हेंबर 1984 मध्ये डिस्कव्हरी यानाच्या अंतराळवीरांनी तो पकडून पृथ्वीवर परत आणला. तो दुरुस्त झाला, विकला गेला, आणि एप्रिल 1990 मध्ये चीनच्या लाँग मार्च अग्निबाणावरून एशियासॅट-1 या नावाने पुन्हा वर गेला. याच उपग्रहावरून हाँगकाँगच्या स्टार टीव्हीने 1991 मध्ये प्रक्षेपण सुरू केलं. 2 ऑक्टोबर 1992 रोजी झी टीव्ही त्याच उपग्रहावरून घराघरांत आला. त्यासाठी झीचे संस्थापक सुभाष चंद्र यांनी चालू दरापेक्षा कितीतरी जास्त भाडं मोजलं होतं. एका मालकाच्या वहीतून पूर्णपणे खोडलेली वस्तू दुसऱ्याच्या वहीत नव्या किमतीने आली आणि तिने भारताची करमणूक बदलली. एखाद्या वस्तूचं मूल्य हा तिच्या भविष्यातल्या उपयोगाबद्दलचा अंदाज असतो, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

मालकी बरी की भाडं बरं, याची सर्वांत मोठी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. रूपर्ट मर्डॉक यांच्या स्कायने फेब्रुवारी 1989 मध्ये लक्झेंबर्गच्या एसईएस कंपनीच्या ॲस्ट्रा उपग्रहावरचे ट्रान्सपाँडर भाड्याने घेऊन सेवा सुरू केली. प्रतिस्पर्धी ब्रिटिश सॅटेलाइट ब्रॉडकास्टिंगने मार्कोपोलो नावाचे दोन उपग्रह स्वतः विकत घेतले, त्यामुळे सुरुवातीलाच प्रचंड पैसा अडकला आणि सेवा उशिरा सुरू झाली. नोव्हेंबर 1990 मध्ये दोन्ही कंपन्या एकत्र आल्या. नव्या कंपनीने पुढे ॲस्ट्राचंच भाडं चालू ठेवलं आणि मार्कोपोलो उपग्रह स्वीडन आणि नॉर्वेतल्या कंपन्यांना विकले गेले. भाडेकरू टिकला, मालकाला आपली वस्तू विकावी लागली. अमेरिकेत उलट चित्र होतं. डायरेक्टीव्हीने स्वतःचा ताफा उभारला आणि ग्राहकसंख्या एवढी वाढली की मालकी परवडली. तिथल्याच एकोस्टारने तिसरा मार्ग काढला. 1 जानेवारी 2008 रोजी तिने ग्राहकांची सेवा देणारी डिश नेटवर्क आणि उपग्रहांसह तांत्रिक व्यवसाय सांभाळणारी एकोस्टार अशी विभागणी केली. त्यानंतर एकाच घरातली एक कंपनी दुसरीला भाडं देऊ लागली. 2023च्या अखेरीस दोन्ही पुन्हा एक झाल्या. असे करार वाचताना भाड्याचा दर बाजाराने ठरवला की घरातल्यांनी, हा प्रश्न आधी विचारावा. संबंधित पक्षांमधल्या व्यवहारांची टीप त्यासाठीच असते.

भारतीय डीटीएचची कहाणी या सगळ्यांहून वेगळी आहे, कारण इथे बराच काळ कंपन्यांना उपग्रहाचा मालक निवडायला फारसा वाव नव्हता. डिश टीव्ही 2003 मध्ये परदेशी एनएसएस-6 उपग्रहावरून सुरू झाली. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनची डी2एच 2009 मध्ये आली, पुढे सिंगापूरच्या एसटी-2 उपग्रहावर गेली आणि 2018 मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. टाटा स्काय इन्सॅट-4एवर राहिली. परदेशी उपग्रह घ्यायचा तरी वाट सरकारी परवानगीतूनच जात होती. देशात हवे तेवढे केयू-बँड ट्रान्सपाँडर वेळेवर मिळाले नाहीत आणि ग्राहकांचा मोठा हिस्सा परदेशी उपग्रहांकडे गेला. 2014 मध्ये भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी डीटीएचसाठीच्या उपग्रहक्षमतेच्या व्यवस्थापनावर स्वतंत्र अहवाल देऊन अंतराळ विभागाच्या कारभारावर टीका केली. तो अहवाल सर्वांना खुला आहे आणि मुळातून वाचण्यासारखा आहे. माझं मत असं की उपग्रह बांधण्यात आपण जितके पुढे गेलो, तितके त्याचा व्यापार करण्यात गेलो नाही. भाडेकरू रांगेत होते आणि जागा तयार नव्हती.

लोणावळ्याच्या माणसाला केयू-बँड हे नाव माहीत नसलं तरी त्याचा परिणाम चांगला माहीत आहे. केयू-बँडची लहर साधारण अडीच सेंटिमीटरची, सी-बँडची साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. लहर जितकी आखूड, तितका पावसाचा थेंब तिला जास्त शोषतो आणि विखरतो. छोटी छत्री चालावी म्हणून डीटीएचला केयू-बँड लागतो, आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या लोणावळा-खंडाळ्यात जुलैच्या सरीत नेमकं तेच चित्र जातं. तळेगाव-देहूरोडकडे पाऊस पुष्कळ कमी, तिथे हा त्रासही कमी. याला हिशेबाचीही बाजू आहे. पावसातून पार व्हायला उपग्रहातून जास्त शक्ती सोडावी लागते किंवा माहिती कमी वेगाने, जास्त सुरक्षित बांधणीत पाठवावी लागते. दुसऱ्या मार्गाने त्याच ट्रान्सपाँडरवर वाहिन्या कमी बसतात, म्हणजे प्रत्येक वाहिनीमागचं भाडं वाढतं. घाटमाथ्याच्या पावसाचा असा एक छोटा भाग कंपनीच्या खर्चात मिसळलेला असतो.

आता हिशेबातल्या सर्वांत मोठ्या बदलाकडे येतो. मार्च 2019 पर्यंत भारतीय कंपन्यांचे बहुतेक ट्रान्सपाँडर करार साध्या भाड्याप्रमाणे नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून दिसत. दहा वर्षांचं बंधन असलं तरी ताळेबंदात त्याचा मागमूस नसे. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे भाडेपट्ट्यांचं हिशेब-मानक लागू झालं. त्यानुसार भाडेपट्टा ठरणाऱ्या कराराची पुढची सगळी देणी आजच्या मूल्यात आणून देयतेच्या बाजूला लिहावी लागतात आणि तेवढीच वापरहक्काची मालमत्ता समोर उभी करावी लागते. तिच्यावर घसारा काढायचा. म्हणजे जो उपग्रह आपला नाही, त्याच्या वापराच्या हक्कावर घसारा. समजा वर्षअखेरीला 60 कोटी याप्रमाणे दहा वर्षं भाडं आहे आणि व्याजदर 9 टक्के. आजचं मूल्य सुमारे 385 कोटी येतं. पहिल्या वर्षी साडेअडतीस कोटी घसारा आणि सुमारे 34 कोटी 65 लाख व्याज, मिळून 73 कोटींच्या वर खर्च दिसतो. रोख मात्र 60 कोटीच गेलेली असते. शेवटच्या वर्षी हाच खर्च साडेत्रेचाळीस कोटींच्या आसपास उतरतो. आणि व्याज-घसारा-करपूर्व नफा, ज्याचा कंपन्या फार गाजावाजा करतात, तो या बदलाने दरवर्षी 60 कोटींनी वाढलेला दिसतो. धंदा तसूभर वाढलेला नसतो. जुन्या आणि नव्या वर्षांच्या आकड्यांची तुलना करणाऱ्याने हे विसरलं तर त्याची फसगत ठरलेली.

पण प्रत्येक ट्रान्सपाँडर करार भाडेपट्टा ठरतो का? पुस्तकाचा सर्वांत अवघड भाग हाच आहे, आणि मला सर्वांत आवडलेलाही. मानक विचारतं, तुम्ही भाड्याने घेतलेली वस्तू निश्चित दाखवता येते का, आणि ती कशी वापरायची हे तुम्ही ठरवता का. लोणावळ्यात पूर्ण बंगला घेतला तर तो दाखवता येतो. डॉर्मिटरीत कोणतीही एक खाट मिळेल असं ठरलं, तर विकत घेतली ती सेवा. ट्रान्सपाँडरच्या क्षमतेतला काही टक्के वाटा, जो मालक हवा तेव्हा दुसरीकडे हलवू शकतो, तो खाटेच्या जवळ जातो. विशिष्ट ट्रान्सपाँडर, ठरावीक मुदतीसाठी, बदलण्याचा खरा अधिकार मालकाकडे नाही, तर तो बंगल्याकडे झुकतो. आणि अख्खा उपग्रह एकाच भाडेकरूकडे असेल तर? 23 जून 2022 रोजी, फ्रेंच गयानातल्या कूरूहून, 4,180 किलोचा जीसॅट-24 उडाला. 24 केयू-बँड ट्रान्सपाँडर, 15 वर्षांचं नियोजित आयुष्य. न्यूस्पेस इंडिया या सरकारी कंपनीची मागणीनुसार बांधलेली ही पहिली मोहीम, आणि उपग्रहाची सगळी क्षमता टाटा प्लेने, म्हणजे पूर्वीच्या टाटा स्कायने, घेतली. मालकी न्यूस्पेसची, नियंत्रण कर्नाटकातल्या हासनच्या केंद्रातून, वाहिन्या कोणत्या दाखवायच्या हा निर्णय टाटा प्लेचा. सरकारला बांधण्याआधीच गिऱ्हाईक मिळालं आणि गिऱ्हाइकाला जागेची खात्री. माझ्या मते भारतीय उपग्रह व्यापारातला हा सर्वांत शहाणा करार आहे.

करखात्यालाही हाच प्रश्न पडला होता. परदेशी उपग्रहाला दिलेले पैसे म्हणजे एका प्रक्रियेच्या वापराचं स्वामित्वशुल्क, की नुसती सेवा? 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एशियासॅट कंपनीच्या खटल्यात ते स्वामित्वशुल्क नाही असं ठरवलं. 2012च्या वित्त कायद्याने व्याख्याच रुंद करून उपग्रहामार्फतचं प्रक्षेपण त्यात आणलं. 2016 मध्ये त्याच न्यायालयाने न्यू स्काय या परदेशी उपग्रह कंपनीच्या प्रकरणात सांगितलं की देशाने एकट्याने केलेल्या अशा दुरुस्तीने दोन देशांमधला करविषयक करार बदलत नाही. या वादाचा तपशील पुस्तकात आहे. इथे एवढंच म्हणतो की भाडं डॉलरमध्ये द्यायचं असेल, तर कर कोणी सोसायचा हे करारात लिहिलेलं असतं आणि बहुतेकदा तो बोजा भाडेकरूवर येतो.

हा विषय आत्ताच का, याचंही उत्तर द्यायला हवं. 2020 मध्ये अंतराळ क्षेत्रात खाजगी कंपन्यांना परवानगी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था स्थापन झाली, 2023च्या अंतराळ धोरणाने खाजगी कंपन्यांना उपग्रह बाळगण्याची आणि चालवण्याची वाट मोकळी केली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये उपग्रहनिर्मिती आणि संचालनात 74 टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक स्वयंचलित मार्गाने, सरकारी मंजुरीशिवाय, येऊ शकेल असं ठरलं. परदेशी उपग्रहांना आता इन-स्पेसची परवानगी लागते. म्हणजे मालक होण्याची मुभा मिळाली, ती नेमकी गिऱ्हाईक ओसरत असताना. पैसे भरून डीटीएच पाहणारे ग्राहक 2020च्या सुमारास सात कोटींवर होते, मार्च 2024 मध्ये ते सुमारे सहा कोटी वीस लाखांवर आले. काही मोबाइलकडे आणि फायबरकडे गेले, काही दूरदर्शनच्या फुकट फ्री डिशकडे. उपग्रह पंधरा वर्षांचा आणि ग्राहक महिन्याच्या रिचार्जचा, हा ताण यापुढे प्रत्येक ताळेबंदात दिसणार. ग्राहक आटले तर वापरहक्काच्या मालमत्तेचं मूल्य घटवावं लागेल. सेट-टॉप बॉक्सचं, ज्याला काही कंपन्या पाच वर्षांचं आयुष्य देतात, तेही.

दुसरीकडे आयुष्याचं गणितच हलू लागलं आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये एमईव्ही-1 हे यान इंटेलसॅट-901ला जाऊन जोडलं गेलं आणि इंधन संपत आलेल्या उपग्रहाला आणखी पाच वर्षं मिळाली. अशा सेवा रुळल्या तर घसाऱ्याचे अंदाज नव्याने मांडावे लागतील. खालच्या कक्षेतल्या स्टारलिंकच्या उपग्रहांचं आयुष्य साधारण पाच वर्षंच, तिथे हजारो उपग्रह सतत बदलत राहतात आणि घसारा दूरसंचारच्या मनोऱ्यापेक्षा संगणकाच्या घसाऱ्यासारखा वागतो. जुन्या मालकांवरही काळ आला. इंटेलसॅटने 2020 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचं संरक्षण घेतलं आणि 2025 मध्ये एसईएसने तिला विकत घेतलं.

या पुस्तकात अग्निबाणाचं शास्त्र लागेल तेवढंच आहे आणि कुठला शेअर घ्यावा याचा सल्ला अजिबात नाही. उपग्रहाची मागणी नोंदवल्यापासून तो निवृत्तीच्या कक्षेत जाईपर्यंतचा प्रवास मालकाच्या आणि भाडेकरूच्या अशा दोन वह्यांतून शेजारी शेजारी दाखवला आहे, म्हणजे एकच घटना दोन ठिकाणी कशी वेगळी उमटते ते कळावं. टाटांची धरणं जागोजागी तुलनेला येतात, कारण आमच्या विद्यार्थ्यांना ती खिडकीतून दिसतात. गणितं मी रचलेली आहेत, कंपन्यांबद्दलची विधानं मात्र जाहीर अहवाल, मानकं आणि निकाल यांवरच बेतली आहेत. शब्द निवडताना मावळातल्या हिशेबनीसाच्या टेबलावर जे चालतात तेच ठेवले.

वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक वाचताना कोणत्याही डीटीएच कंपनीचा वार्षिक अहवाल शेजारी उघडून ठेवा. सुरुवातीची रंगीत पानं सोडा आणि मागच्या टीपांमधली भाडेपट्ट्यांची, मालमत्तेच्या आयुष्याची आणि आकस्मिक देयतांची अशा तीन टीपा शोधा. उपग्रह कोणाचा आहे, किती वर्षं राहिलेत आणि तो बंद पडला तर पैसे कोणाचे बुडतील, हे त्या तीन टीपांतून तुमचं तुम्हालाच काढता आलं, की माझं शिकवण्याचं काम झालं.